ते नोबेल बीटीसाठी नव्हतं

नागपुरातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेले होते. नववीतल्या एका मुलीनं फार मेहनतीनं तक्ता केला होता. वर इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञांची चित्रं, खाली खरंखुरं फुटलेलं कापसाचं बोंड चिकटवलेलं आणि मध्ये ठळक अक्षरांत 'बीटी बियाण्याच्या शोधासाठी नोबेल'. त्या दोघींचं नोबेल क्रिस्परसाठी होतं, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापून जनुकात बदल करण्याच्या तंत्रासाठी. चूक त्या पोरीची नाही. 'जनुकीय बदल' या एकाच गाठोड्यात आपण दोन्ही गोष्टी कोंबतो. मी बीटीला परजनुकीय, म्हणजे दुसऱ्या जिवाचं जनुक घातलेलं, म्हणते आणि क्रिस्परला जनुक संपादन. सगळ्यांनी तसंच म्हणावं.

बीटी विदर्भाला नव्यानं सांगायला नको. २००२ साली परवानगी मिळाली, बॅसिलस थुरिंजिएन्सिस (म्हणजेच बीटी) या जिवाणूचं जनुक असलेली पऱ्हाटी शेतात आली आणि अळीला मारणारं प्रथिन झाडच बनवू लागलं. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीलाही कशी पुरून उरली, ते कास्तकारांना पाठ आहे.

घोळ होतो तो पुढे. क्रिस्परही जिवाणूंकडूनच आलं. म्हणून लोक विचारतात, "मॅडम, तिकडंही जिवाणू, इकडंही जिवाणू, मग फरक काय?"

बीटीत जिवाणूचं जनुक झाडात कायमचं राहायला येतं. सरकीतही ते असतं. संपादनात जिवाणूचं फक्त हत्यार वापरतात. ते झाडाचा डीएनए नेमक्या जागी कापतं, पेशी तो काप सांधते आणि सांधताना त्या जनुकाची अक्षरं बदलतात. पिकांमध्ये बहुतेकदा हे हत्यार बनवणारं जनुक आधी झाडात घालावं लागतं, हेही लपवू नये. पण पुढच्या पिढीत ते नसलेली रोपं निवडून घेतात. मागे राहतो तो झाडाच्या स्वतःच्याच जनुकातला बदल. मे २०२५ मध्ये जाहीर झालेलं 'कमला' हे धानाचं वाण असंच, सांबा मसुरीचं एक जनुक संपादित करून केलेलं. परका डीएनए न उरलेल्या अशा वाणांना आपल्याकडे २०२२ पासून बीटीला लागणाऱ्या अनेक नियमांतून सूट आहे.

आता त्या दोघी. शार्पेंतिए घसा धरवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस या जिवाणूवर काम करत होत्या. हा जिवाणू विषाणूचा डीएनए कापून स्वतःला वाचवतो. त्या कामात एक छोटा आरएनए लागतो, हे त्यांच्या गटानं २०११ मध्ये दाखवलं. डाउडना आरएनएच्या जाणकार. २०१२ मध्ये दोघींच्या गटांनी मिळून या बचावात लागणारे दोन आरएनए जोडून एक केला आणि त्यातली वीसेक अक्षरं बदलली की कॅस-९ हे प्रथिन आपण सांगू त्या ठिकाणी डीएनए कापतं, हे परीक्षानळीत सिद्ध केलं. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल यासाठी.

क्रिस्परसाठी 'जनुकीय कात्री' हा शब्द नोबेल समितीनंही वापरला, तरी मला तो अपुरा वाटतो. कात्र्या आधीही होत्या, पण दर नव्या जागेसाठी नवं प्रथिन घडवावं लागे. या दोघींनी कात्रीला पत्ता लिहून देण्याची सोपी रीत दिली. मुलांना शिकवताना आधी हा पत्ता शिकवा, कात्री नंतर.

त्या मुलीला म्हटलं, "बोंड काढ, धानाची लोंबी लाव." ती लगेच म्हणाली, "आणते मॅडम, माझं आजोळ भंडाऱ्याचं आहे."