होंडा एटीसी : झिजलेल्या भागांची दुरुस्ती

होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेच्या बाजारात आणलेल्या आणि १९८०च्या दशकात संपलेल्या तीनचाकी, फुगीर टायरांच्या, रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांना एटीसी (ऑल टेरेन सायकल) म्हणतात. पहिली गाडी ८९ सीसीची यूएस९०. तिचेच नाव पुढे एटीसी९० झाले. हिवाळ्यात मोटरसायकली खपत नाहीत, तेव्हा विक्रेत्यांना बर्फातही विकता येईल असे काही द्या, या मागणीतून होंडाचे अभियंते ओसामू ताकेउची यांनी ती घडवली. पुढे ११०, १८५, २०० सीसीच्या गाड्या आल्या. यामाहा, कावासाकी आणि सुझुकी याही या धंद्यात उतरल्या. अपघात फार वाढल्यावर अमेरिकेत १९८८ साली सरकार आणि कंपन्यांमध्ये न्यायालयीन समझोता झाला व नव्या तीनचाकींची विक्री थांबली. २००८च्या कायद्याने त्यांच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदीच घातली. आज चालू स्थितीत असलेली प्रत्येक एटीसी म्हणूनच कोणीतरी जपलेली, दुरुस्त केलेली गाडी आहे.

या गाडीची झीज समजून घ्यायची तर मागचा एक्सल आधी पाहावा. दोन्ही मागची चाके एकाच सरळ दांड्यावर बसवलेली असतात, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. वळताना आतले आणि बाहेरचे चाक सारख्याच वेगाने फिरते, त्यामुळे एकाला घसटावेच लागते. चालवणारा बाहेरच्या बाजूच्या पाय ठेवायच्या दांडीवर भार देऊन आतले चाक हलके करतो. तरी प्रत्येक वळणाचा पीळ एक्सल, हब (चाक एक्सलला जोडणारा मधला भाग) आणि बेअरिंगवर येतोच. सुरुवातीच्या मॉडेलांना सस्पेन्शनही नाही, खड्ड्याचा धक्का थेट तिथेच पोचतो. शिवाय गाडी चिखलात, ओढ्यात चालते. ऑइल सीलची कड एकदा कडक झाली की पाणी आत शिरते, ग्रीस पांढरे पडते आणि बेअरिंगचे छर्रे गंजतात.

तपासणी सोपी आहे. मागचा भाग ठोकळ्यावर उचलावा, चाक वर-खाली धरून हलवावे. खडखड लागली तर बेअरिंग गेले. मग चाक आत-बाहेर ओढून पाहावे आणि शेवटी पुढे-मागे. चेन न ताणता, एक्सल न फिरता नुसते चाकच थोडे फिरत असेल, तर हबच्या आतल्या खाचा खाल्लेल्या आहेत. ही झीज जवळजवळ नेहमी सैल नटामुळे होते: नट जरासा ढिला राहतो, हब एक्सलवर करकरत राहतो आणि पोलादी खाचांचे दात टोकदार होतात. अशा वेळी हब एक्सलला वेल्डिंगने चिकटवून टाकण्याचा उपाय अनेक गाड्यांवर केलेला दिसतो. तो वाईटच आहे. त्यानंतर बेअरिंग बदलायला एक्सल काढताच येत नाही, आणि तापलेल्या जागेशेजारी पोलाद ठिसूळ होते. हब बदलावा, नट ठरलेल्या ताकदीने आवळावा आणि नट सैल होऊ न देणारी स्प्लिट पिन दर वेळी नवी घालावी. अनेक मॉडेलांत एक्सलवर एकमेकांवर आवळलेले दोन मोठे पातळ नट असतात. त्यांना मापाचे दोन पाने लागतात. छन्नी-हातोड्याने ठोकून सोडवलेले नट आणि त्यांचे गेलेले आटे पाहिले की आधीच्या हाताची घाई कळते.

एक्सल बाहेर आला की तो ठोकळ्यांवर फिरवून डायल गेजने (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने) वाकलेला आहे का पाहतात. वाकलेला एक्सल ठोकून सरळ करण्यापेक्षा बदललेला बरा. याच वेळी ब्रेक शू आणि ड्रमचे सीलही बघून घ्यावेत. एटीसी९०ला ब्रेक मागेच, तोही एकच; तो पाण्याने निकामी झाला तर दुसरा आधार नाही.

स्टिअरिंगच्या वाट्यांत छर्ऱ्यांनी पाडलेला खड्डा हाताला जाणवतो. हँडल मधोमध आले की अडकल्यासारखे होते. छर्रे आणि वाट्या जोडीनेच बदलतात. तीनचाकी गाडी वळणावर उलटण्याचा धोका मुळातच जास्त असतो, म्हणून स्टिअरिंग, ब्रेक आणि एक्सल या तीन ठिकाणी ‘मूळचा भाग आहे, राहू दे’ असा मोह धरू नये. रंग, सीट, उन्हाने फिकटलेले प्लॅस्टिक मूळचे ठेवायला हरकत नाही.

टायरांत हवा जेमतेम २.२ पीएसआय. मोटारीच्या टायरात साधारण तीस असते. पंपावरचे नेहमीचे गेज इतक्या कमी दाबाला काही उपयोगाचे नाही, वेगळे घ्यावे लागते. मागचे दोन टायर दोरीने घेर मोजून जुळवतात. घेरात फरक राहिला तर ताठ एक्सलमुळे गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते.

एटीसी९०चे इंजिन मराठी मेकॅनिकला अनोळखी वाटणार नाही. जवळजवळ आडवा पडलेला एकच सिलिंडर आणि चेनने फिरणारा कॅम, अशीच ठेवण १९८५च्या हिरो होंडा सीडी१००ची होती. सिलिंडरचा बोअर ५० मिलिमीटर. तो झिजला तर ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी १ मिलिमीटरपर्यंत वाढवून मोठा पिस्टन बसवतात. टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप गार इंजिनवर ०.०५ मिलिमीटर, पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) ०.३ ते ०.४. वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी सुरू होत नसेल तर इंजिन उघडण्याआधी कार्बोरेटर उघडावा: आटलेल्या पेट्रोलचा तपकिरी डिंक जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळीत, बसलेला असतो. जेट तारेने टोचला की भोक मोठे होते, म्हणून तो क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंकतात. १९८१च्या एटीसी२५०आरचे इंजिन टू-स्ट्रोक. तिथे क्रँकच्या सीलमधून हवा आत जाते का, हे आधी तपासतात, नाहीतर नवा पिस्टनही जळतो.

कार्बोरेटर आणि इंजिनच्या झाकणांचे स्क्रू नीट पाहावेत. डोक्यावर अधिक चिन्हाच्या (+) खाचेशेजारी छोटा ठिपका असेल तर तो जपानी मापाचा स्क्रू. नेहमीचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच गोल करून टाकतो. जपानी टोकाचा ड्रायव्हर घेऊन, आधी हातोडीचा हलका ठोका देऊन, मग फिरवला की बहुतेक स्क्रू शाबूत निघतात.

सुट्या भागांची टंचाई सरसकट नाही. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेले की काम होते. सील आतल्या-बाहेरच्या व्यासावरून आणि जाडीवरून मिळते. मिळत नाहीत ते ओतीव भाग, हब, मडगार्ड. त्यांच्यासाठी लोक दुसरी मोडकी एटीसीच विकत घेतात, आणि सौदा ठरवण्याआधी तिचेही मागचे चाक धरून हलवून पाहतात.