फ्रंट ऑफिसमधील खांदेपालट (अमेरिकन व्यावसायिक फुटबॉल)

अमेरिकन फुटबॉल संघाचा मैदानाबाहेरचा कारभार पाहणाऱ्या वरिष्ठ मंडळींना मिळून फ्रंट ऑफिस म्हणतात. त्यात संघाध्यक्ष, जनरल मॅनेजर, खेळाडू निवडीचे संचालक, करार व पगाराचा हिशेब सांभाळणारे अधिकारी, नवे खेळाडू हेरणारे स्काउट आणि अलीकडे आकडेवारीचे विश्लेषण करणारा विभाग येतो. या मंडळींच्या जागा आणि अधिकार नव्याने वाटले जाणे म्हणजे फ्रंट ऑफिसची पुनर्रचना. नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) ३२ संघांपैकी काहींत ती जवळजवळ दर हिवाळ्यात होते. बातम्यांत पदनामांना महत्त्व मिळते. ती फसवी असतात, कारण ‘कार्यकारी उपाध्यक्ष’ हे पद एका संघात सर्वाधिकारी असते, तर दुसऱ्यात अडगळीचे.

खऱ्या बदलाचा माग काढायचा तर अधिकार कोणाकडे गेले ते पाहावे लागते. नियमित हंगामासाठी ठरणाऱ्या ५३ खेळाडूंच्या यादीवर आणि ड्राफ्टमधील, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील, निवडीवर शेवटचा शब्द कोणाचा, हा त्यातला मुख्य प्रश्न. मुख्य प्रशिक्षक नेमण्याचा व काढण्याचा अधिकार कोणाला, आणि प्रशिक्षक जनरल मॅनेजरला उत्तरदायी आहे की थेट मालकाला, हे त्यामागोमाग येते. या प्रश्नांची उत्तरे बदलली नाहीत, तर माणसे बदलूनही रचना जुनीच राहते.

फार पूर्वी हे अधिकार बहुधा मालक किंवा प्रशिक्षक यांच्याच हाती असत. १९९३ मध्ये करार संपलेल्या खेळाडूंना संघ निवडण्याचे बरेच स्वातंत्र्य मिळाले आणि १९९४ पासून पगारखर्चावर कमाल मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, आली. त्या वर्षी ही मर्यादा प्रत्येक संघासाठी ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर झाली. एका खेळाडूला जास्त दिले की दुसऱ्याला सोडावे लागते, आणि आजच्या करारातील रक्कम पुढच्या कित्येक वर्षांच्या हिशेबात उतरते. खेळाडू पारखणे आणि पैसा सांभाळणे ही दोन वेगळी कौशल्ये ठरली. ती कोणाच्या हाताखाली एकत्र आणायची, यावर आजवरच्या बहुतेक पुनर्रचना घुटमळल्या आहेत.

ग्रीन बे पॅकर्सचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. या संघाला एकच एक मालक नाही. लाखो भागधारकांच्या वतीने संचालक मंडळ आणि त्याचा अध्यक्ष कारभार पाहतात. अध्यक्ष बॉब हार्लन यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये रॉन वुल्फ यांना जनरल मॅनेजर नेमले आणि फुटबॉलविषयक सगळे निर्णय त्यांच्यावर सोपवले. वुल्फ यांनी पुढच्या काही महिन्यांतच प्रशिक्षक बदलून माइक होल्मग्रेन यांना आणले, पहिल्या फेरीतील ड्राफ्टचा हक्क देऊन ब्रेट फाव्हर हा दुसऱ्या संघात बसून असलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) घेतला आणि १९९३ मध्ये बचावपटू रेजी व्हाइटला करारबद्ध केले. जानेवारी १९९७ मध्ये संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. १९६७ च्या हंगामानंतरचे ते त्यांचे पहिले विजेतेपद. फाव्हरसाठी मोजलेली किंमत तेव्हा अनेकांना अवाजवी वाटली होती. हा सौदा समितीपुढे मतदानाला ठेवला असता तर झाला असता असे वाटत नाही.

याच संघाने जानेवारी २०१८ मध्ये नेमका उलटा मार्ग धरला. तोवरचे जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन यांना सल्लागाराची भूमिका दिली गेली आणि ब्रायन गुटेकुन्स्ट जनरल मॅनेजर झाले. खेळाडूंच्या यादीवरचा शेवटचा शब्द त्यांना मिळाला, प्रशिक्षकावरचा अधिकार मात्र मिळाला नाही. प्रशिक्षक माइक मॅकार्थी, करार व पगाराचे काम पाहणारे रस बॉल आणि गुटेकुन्स्ट हे तिघेही थेट अध्यक्ष मार्क मर्फी यांना उत्तरदायी ठरले. एकहाती कारभाराने नाव कमावलेल्या ठिकाणी अशी तिहेरी विभागणी टिकणार नाही, अशी टीका झाली. मर्फींनी त्याच डिसेंबरात मॅकार्थींना काढून नंतर मॅट लाफ्लर यांना आणले आणि संघाने २०१९, २०२० व २०२१ अशा सलग तीन हंगामांत प्रत्येकी १३ सामने जिंकले. अधिकार एकवटलेलेच हवेत, असे मानणाऱ्यांना या तीन हंगामांचा विचार करावा लागतो. इथे अधिकार वाटलेले होते, पण वाद मिटवणारा माणूस एकच होता आणि तो कोण हे सर्वांना ठाऊक होते.

पदनाम आणि सत्ता यांतील अंतर फिलाडेल्फिया ईगल्समध्ये ठळकपणे दिसले. कायद्याचे शिक्षण घेतलेले हाउई रोझमन २०१० मध्ये जनरल मॅनेजर झाले. जानेवारी २०१५ मध्ये खेळाडू निवडीची सूत्रे प्रशिक्षक चिप केली यांच्याकडे गेली आणि रोझमन यांना कागदोपत्री बढती मिळून ते फुटबॉल कारभाराचे कार्यकारी उपाध्यक्ष झाले. खेळाडू निवडण्यात त्यांचा शब्द उरला नाही. केलींनी लशॉन मकॉय आणि निक फोल्स यांच्यासारखे खेळाडू दुसऱ्या संघांना दिले. वर्षअखेरीस, एक सामना बाकी असतानाच, त्यांना काढण्यात आले. रोझमन पुन्हा सूत्रधार झाले. फोल्स २०१७ मध्ये संघात परतले आणि फेब्रुवारी २०१८ मधील सुपर बोलचे ते सर्वोत्तम खेळाडू ठरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनी दुसऱ्यांदा सुपर बोल जिंकला, तोवर प्रशिक्षक बदलले होते, रोझमन तिथेच होते.

मालकांच्या अधीरतेचा प्रश्न क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये अधिक कठोरपणे समोर आला. जानेवारी २०१६ मध्ये साशी ब्राउन यांच्याकडे फुटबॉल कारभार सोपवला गेला आणि बेसबॉलमधून पॉल डिपोडेस्टा यांना मुख्य व्यूहरचना अधिकारी म्हणून आणले. आज हरलो तरी चालेल, पण ड्राफ्टचे हक्क साठवायचे, असे धोरण होते. पहिल्या हंगामात संघाने १६ पैकी एक सामना जिंकला, दुसऱ्यात एकही नाही. दुसरा हंगाम संपण्याआधीच, डिसेंबर २०१७ मध्ये, ब्राउन यांना काढून जॉन डॉर्सी यांना आणले गेले. प्रशिक्षक ह्यू जॅक्सन मात्र तेव्हा राहिले. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये डॉर्सी यांना त्या पराभवांमुळे पहिली आणि ब्राउन यांनी साठवलेल्या हक्कामुळे चौथी निवड मिळाली. पुढे गाजलेला बचावपटू माइल्स गॅरेट हाही ब्राउन यांच्याच काळात घेतलेला खेळाडू. त्यांच्या फ्रंट ऑफिसमधील अँड्र्यू बेरी २०२० मध्ये जनरल मॅनेजर म्हणून परतले आणि त्याच हंगामात संघ २००२ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचला. दीर्घ मुदतीची योजना मंजूर करायची आणि दोन वर्षांच्या निकालांवर तिचा न्याय करायचा, हा साशी ब्राउन यांच्यावरील अन्याय होता असेच म्हणावे लागेल.

आधी जनरल मॅनेजर, मग त्याच्या पसंतीचा प्रशिक्षक, असा सर्वसाधारण क्रम. तो उलटाही होतो. तीन वर्षांत तीन प्रशिक्षक पाहिलेल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून हेरलेल्या काइल शॅनहन यांच्याशी जुळेल असा जोडीदार शोधला. दूरचित्रवाणीवर समालोचन करणारे माजी खेळाडू जॉन लिंच जनरल मॅनेजर झाले. दोघांना सहा-सहा वर्षांचे करार मिळाल्याने एकाला राखून दुसऱ्यावर खापर फोडण्याची सोय राहिली नाही. जॅक्सनव्हिल जॅग्वार्समध्ये जानेवारी २०२५ मध्ये तर प्रशिक्षकाचा शोध चालू असतानाच जनरल मॅनेजर ट्रेंट बाल्की यांना दूर करण्यात आले. माघार घेतलेले उमेदवार लियाम कोएन त्यानंतर लगेच प्रशिक्षक झाले, आणि जेम्स ग्लॅडस्टोन हे नवे जनरल मॅनेजर त्यांच्यामागून आले.

मालकच जनरल मॅनेजर असला तर पुनर्रचना त्याच्या खालीच थांबते. जेरी जोन्स यांनी १९८९ मध्ये डॅलस काउबॉइज विकत घेतल्यावर २९ हंगाम प्रशिक्षक असलेल्या टॉम लँड्री यांना काढले, संघ उभारणारे टेक्स श्राम बाहेर पडले, आणि जोन्स यांनी ती सूत्रे कायमची स्वतःकडे ठेवली. सलग दोन सुपर बोल जिंकूनही प्रशिक्षक जिमी जॉन्सन १९९४ मध्ये गेले. श्रेय आणि अधिकार यांवरून दोघांचे पटले नाही.

नियमित हंगाम संपल्यानंतरचा सोमवार ‘ब्लॅक मंडे’ म्हणून ओळखला जातो, कारण त्या दिवशी प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर यांना एकामागून एक नारळ मिळतो. नेमणुकांना लीगचे नियम लागू होतात. दुसऱ्या संघाच्या अधिकाऱ्याला समान दर्जाच्या जागेसाठी बोलावले तर त्याचा संघ नकार देऊ शकतो. खेळाडूंच्या यादीवर खराखुरा अंतिम अधिकार देणारी बढती असेल तर सहसा अडवता येत नाही. २००३ पासून लागू झालेल्या रूनी नियमानुसार मुख्य प्रशिक्षकपदासाठी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत सक्तीची झाली आणि २००९ मध्ये हा नियम जनरल मॅनेजरच्या जागेलाही लागू झाला. नियमाच्या पहिल्याच वर्षी, २००३ मध्ये, डेट्रॉइट लायन्सचे संघाध्यक्ष मॅट मिलन यांना तो न पाळल्याबद्दल २ लाख डॉलर दंड झाला.

जानेवारीच्या उलथापालथीत स्काउट सहसा सापडत नाहीत. वर्षभर महाविद्यालयांत फिरून त्यांनी केलेल्या नोंदी एप्रिलमधील ड्राफ्टसाठी लागतात, म्हणून त्यांचे करार बहुधा ड्राफ्टनंतरपर्यंतचे असतात. नवा जनरल मॅनेजर त्या नोंदी वापरून खेळाडू निवडतो आणि मे महिन्यात आपली माणसे आणतो. ज्यांच्या अहवालावरून निवड झाली, त्यांपैकी काहींची नोकरी तो खेळाडू मैदानात उतरण्याआधीच जाते. या बदलांची वृत्तपत्रांत एखादी ओळ येते, कधी तीही नाही.

गाजावाजा न होता झालेल्या सत्तांतराचा दाखला बाल्टिमोर रेव्हन्स देतात. १९९६ पासून संघाच्या खेळाडू निवडीची धुरा वाहणारे ओझी न्यूसम २००२ मध्ये लीगमधील पहिले कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर झाले. २०१८ चा हंगाम संपल्यावर सूत्रे एरिक डीकोस्टा यांच्याकडे जातील, हे मालकांनी वर्षभर आधी जाहीर केले. डीकोस्टाही १९९६ पासून याच संघात होते. न्यूसम यांनी आपल्या शेवटच्या ड्राफ्टमध्ये सौदा करून पहिल्या फेरीतील ३२ वी निवड मिळवली आणि तीत क्वार्टरबॅक लमार जॅक्सन घेतला. डीकोस्टा यांच्या पहिल्याच हंगामात, २०१९ मध्ये, तो लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.