नाक मोठं करते ती लेन्स नव्हे, अंतर

पोर्ट्रेट, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याचा फोटो, काढायचाय म्हटलं की ‘८५ एमएम घे’ हा सल्ला ठरलेला. हा लेन्सच्या फोकल लेंग्थचा आकडा: लहान तर दृश्य रुंद (वाइड), मोठा तर अरुंद आणि जवळ ओढलेलं. सल्ला चांगलाच आहे, पण त्यामागचं कारण बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं. वाइड लेन्स म्हणे नाक फुगवते आणि लांब पल्ल्याची लेन्स चेहरा सुबक करते. खरं तर हा सगळा खेळ अंतराचा आहे.

हिशेब करून बघू. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतं असं धरा. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ सेंटिमीटरवर, म्हणजे कानांच्या तुलनेत नाक १.४ पट मोठं उमटणार. मागे सरकून दीड मीटरवर गेलात की हेच प्रमाण १.०८ वर येतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सेल्फीसाठी असंच गणित मांडलं होतं. एक फुटावरून नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं आणि पाच फुटांवर हा दोष जवळपास नाहीसा होतो, असं त्यांना आढळलं. यात लेन्स कुठेच आली नाही. एकाच जागी उभं राहून २४ एमएम आणि ८५ एमएमने फोटो काढा आणि २४ च्या फोटोतला चेहरा क्रॉप करून मोठा करा. नाक-कानाचं प्रमाण अगदी तेच भरेल. मग ८५ चं कौतुक का? फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर डोकं आणि खांदे चौकटीत बसवायला ती तुम्हाला दीडेक मीटर मागे उभं करते, म्हणून. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे त्याहून लहान सेन्सरवर, साधी ५० एमएम जवळपास हेच काम करते.

नैसर्गिक प्रकाशात दुसरी अडचण उजेडाची. खिडकीजवळचा उजेड डोळ्यांना भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला तो तोकडा पडतो. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स) झूम केल्यावर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी), एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. एकीवर शटर १/२० सेकंद मिळत असेल, तर दुसरीवर त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) १/२०० मिळेल. १/२० ला समोरच्यानं नुसती मान हलवली तरी चेहरा पुसट होतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही.

ही ओढाताण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. सुरुवातीच्या लेन्स एफ १५ च्या आसपास असत, आणि माणसाला लोखंडी टेकूला डोकं लावून बसवावं लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातले गणिती योझेफ पेट्झवाल यांनी सुमारे एफ ३.६ ची लेन्स गणिताने रचली. प्रकाश सोळापटीहून अधिक वाढला, आणि तिथून पोर्ट्रेट हा धंदा होऊ शकला.

आता बॅकग्राउंड. इथे मला एक आकडा सगळ्यांत उपयोगी वाटतो आणि तो लेन्सवर लिहिलेला नसतो. फोकल लेंग्थला एफ-नंबरने भागा, अ‍ॅपर्चरचा म्हणजे प्रकाश आत येणाऱ्या छिद्राचा व्यास मिळेल. फोकस चेहऱ्यावर असताना खूप दूरचा एखादा दिवा फोटोत पसरून वर्तुळ होतो. चेहऱ्याच्या मापानं मोजलं तर ते वर्तुळ बरोबर या व्यासाएवढं भरतं. ८५ एमएम एफ १.८ चा व्यास ४७ मिलिमीटर, म्हणजे वर्तुळ डोळ्याहून चांगलं मोठं. ५० एमएम एफ १.८ चा २८, साधारण डोळ्याएवढं. किट लेन्सचा ५५ एमएम एफ ५.६ ला जेमतेम १०, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. मागची गर्दी विरघळेल की नुसती धूसर होईल, हे विकत घेण्याआधीच कळतं. मात्र चौकटीच्या कडेला, लेन्स पूर्ण उघडी असताना, ही वर्तुळं मांजराच्या डोळ्यासारखी चपटी होतात. एक स्टॉप बंद केलं, म्हणजे आत येणारा प्रकाश निम्मा केला, की बरीच सुधारतात.

मोठ्या व्यासाची किंमतही मोजावी लागते. दीड मीटरवर ८५ एमएम एफ १.८ ला फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग धारदार येतो ती, फक्त साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. चेहरा जरा वळला की जवळचा डोळा धारदार आणि पलीकडचा मऊ. एफ २.८ वर ही खोली पाच सेंटिमीटरपर्यंत जाते आणि दोन्ही डोळे सावरतात. म्हणून एफ १.२ च्या महागड्या, जड लेन्सचा मोह मला फारसा पटत नाही. पोर्ट्रेटला ती उघडीच वापरायची वेळ कमी येते.

१३५ एमएम सुंदरच, पण जागा मोजून घ्या. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर फुल फ्रेमवर ५० एमएमला तीनेक मीटर पुरतात, ८५ ला पावणेपाच, १३५ ला साडेसात. खिडकीच्या उजेडात, घरातच फोटो काढणार असाल, तर पाठ भिंतीला टेकल्यावर १३५ बॅगेतच राहील.