चालढकल आणि वेळेचे नियोजन (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात)

एखादे काम करायचे ठरलेले आहे, ते लांबले तर आपलेच नुकसान होणार हेही ठाऊक आहे, तरीही सबळ कारणावाचून ते पुढे ढकलत राहण्याच्या प्रवृत्तीला चालढकल म्हणतात. ठरवून घेतलेली विश्रांती, पुरेशी माहिती हाती येईपर्यंत थांबणे किंवा दुसऱ्याच्या टेबलावर अडकून पडलेले काम यांची गणना चालढकलीत होत नाही. आळशी माणसाला काम करायचेच नसते. चालढकल करणाऱ्याला ते करायचे असते, आणि म्हणूनच त्याच्या मनाला टोचणी लागून राहते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या परिसरातील मराठी भाषकांच्या व्यवहारात या प्रवृत्तीला काही खास स्थानिक कारणे आहेत आणि ती लक्षात घेतल्यावाचून वेळेच्या नियोजनाचे सर्वसाधारण सल्ले तेथे तोकडे पडतात.

भारतीय परंपरेत या दोषाची दखल फार पूर्वी घेतली गेली. महाभारताच्या शांतिपर्वातील तीन माशांच्या कथेत कोळी तळ्याचे पाणी काढू लागतात तेव्हा दूरदृष्टीचा मासा आधीच निघून जातो, दुसरा ऐनवेळी युक्ती लढवून सुटतो आणि ‘दीर्घसूत्र’ नावाचा तिसरा प्राणास मुकतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात दीर्घसूत्री कर्त्याला तामस म्हटले आहे. आधुनिक मानसशास्त्राने हा नैतिक निवाडा बाजूला ठेवून कारणांचा शोध घेतला. पिअर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरील संशोधनाचा व्यापक आढावा प्रसिद्ध केला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी ८० ते ९५ टक्के कमीअधिक प्रमाणात चालढकल करतात, तर प्रौढांपैकी १५ ते २० टक्के लोकांना ती कायमची जडलेली असते, असे अंदाज नोंदवले आहेत. काम जमेल हा विश्वास आणि कामाचे मोल जितके कमी, फळ जितके लांब आणि मन जितके उतावळे, तितकी कामाची ओढ घटते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. फ्यूशा सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये याला आणखी एक बाजू जोडली : माणूस टाळतो ते मुख्यतः कामाशी जोडलेली भीती, कंटाळा किंवा अपमानाची भावना. काम टाळले की त्या क्षणी बरे वाटते, आणि त्या बऱ्या वाटण्यामुळेच सवय पक्की होते.

सीमाभागातील शेतकऱ्याला वेळेचे भान नाही, असे म्हणणे मुळीच टिकणार नाही. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे कोरड्या मातीतली पेरणी, पावसाच्या तोंडावर उरकली जाते, कारण एकदा संततधार लागली की वाफसा, म्हणजे पेरणीजोगा बेताचा ओलावा, मिळत नाही. मूर्तिकाराचा रंगाचा शेवटचा हात गणेश चतुर्थीच्या आत फिरतोच. चिकोडीकडच्या ऊस उत्पादकालाही तोडीची पाळी आली की थांबून चालत नाही. या साऱ्या कामांत मुदत बाहेरून येते, ती कोणासाठी सरकत नाही आणि चुकल्यास होणारे नुकसान लगेच दिसते. हीच माणसे वारसा नोंदीचा अर्ज मात्र वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. वडील वारले, उताऱ्यावर नाव त्यांचेच राहिले, भावाभावांत वाद नाही, तरीही ‘सुगी झाली की बघूया की’ म्हणता म्हणता पुढची पिढी हाताशी येते. मग पीककर्ज काढताना किंवा जमीन विकताना धावपळ सुरू होते.

अशा कागदोपत्री कामांत भाषेचा प्रश्न मोठा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका वगळता, तेव्हाचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला आणि पुढे महसुली व्यवहार कन्नडमध्ये होऊ लागला. घरातले जुने कागद मराठी किंवा मोडी, हातात पडणारी नोटीस कन्नड, आणि ती वाचून देणारा कोणीतरी शोधायचा, या तिढ्यात काम सुरू होण्याआधीच जड होते. काउंटरवर आपले बोलणे कोणी हसण्यावारी नेईल, ही धास्ती त्यात भर घालते. अशा माणसाला रोजनिशी घेऊन देण्याने फारसे काही साधत नाही; कागद वाचून दाखवणारा शेजारी मिळाला तर अर्धे काम होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. ही तरतूद ठाऊक असलेल्याला पहिले पाऊल टाकणे काहीसे हलके जाते.

स्वतःची चालढकल आणि दप्तरदिरंगाई यांची गल्लत करू नये. कर्नाटकाने २०११ मध्ये नागरिकांना सेवांची हमी देणारा कायदा केला. ‘सकाल’ या नावाने तो २०१२ पासून अमलात आला. ठरावीक सेवांसाठी त्यात मुदत बांधून दिलेली आहे आणि विलंब झाल्यास दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. रक्कम किरकोळ आहे. तथापि अर्जाची पोचपावती घेऊन तिच्यावरील क्रमांक जपून ठेवला, तर विलंब नेमका कोठे झाला हे दाखवता येते. अर्जच दिलेला नसेल, तर मात्र कायद्याचा काही उपयोग नाही.

उपायांपैकी सर्वांत चांगला पडताळला गेलेला उपाय साधा आहे. पीटर गोलविट्झर यांनी मांडलेल्या पद्धतीत नुसता संकल्प न करता काम केव्हा, कोठे आणि कसे करायचे हे आधीच जोडून ठेवतात : ‘शनिवारी बाजाराला बेळगावात उतरलो की आधी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उताऱ्याची प्रत काढीन.’ अशा ९४ अभ्यासांचा २००६ मध्ये घेतलेला आढावा हा परिणाम मध्यम ते मोठ्या स्वरूपाचा असल्याचे दाखवतो. मुदतीविषयी डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांचा २००२ मधील प्रयोग सीमाभागातील अनुभवाशी जुळतो. स्वतःच्या मुदती स्वतः बांधून घेण्याची मुभा मिळालेल्यांपैकी अनेकांनी त्या बांधून घेतल्या, पण समान अंतराने बाहेरून मुदती लादलेल्यांचे काम त्यांच्यापेक्षा सरस ठरले. भिशीचा हप्ता चुकत नाही याचे कारणही हेच आहे. तेथे दहा जण वाट पाहत असतात. वारशासारख्या कामासाठी भाऊबंदांनी मिळून एक तारीख ठरवणे आणि एकाने दुसऱ्याला विचारत राहणे, हे एकट्याच्या निश्चयापेक्षा भरवशाचे असते.

कामाला किती वेळ लागेल याचा अंदाजही सहसा फसतो. कॅनडात केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी सरासरी सुमारे ३४ दिवस धरले होते. प्रत्यक्षात ५५ हून अधिक लागले. मागच्या वेळी तेच काम किती दिवसांत झाले होते, हे आठवून अंदाज बांधणे अधिक सुरक्षित असते.

हे सारे सल्ले ज्याचा वेळ त्याच्या हातात आहे त्यालाच लागू पडतात. निपाणीत हजारी दराने विड्या वळणारी बाई किंवा वडगाव-शहापूर भागातील मागावर नगाच्या हिशेबाने साडी काढणारा विणकर वेळ वाया घालवत नाही. काम थांबले की मजुरीही थांबते. स्वयंपाक, पाणी आणि मुलांचे पाहून ती बाई पानांचा गठ्ठा पुढे ओढते, तेव्हा राहून गेलेल्या आधार दुरुस्तीला चालढकल म्हणणे अन्यायाचे आहे. तिला तालुक्याला जायला दिवसाची मजुरी बुडवावी लागते, आणि गावातच शिबिर भरले तर ते काम त्याच आठवड्यात उरकते.

मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावीच्या) परीक्षेला बसणाऱ्या मुलांत कन्नड विषय अभ्यासात सर्वांत शेवटी ठेवण्याची सवय दिसते, आणि ज्या विषयात स्वतःवर विश्वास कमी तोच लांबणीवर पडतो, या स्टील यांच्या निष्कर्षाशी ती मिळतीजुळती आहे. दररोज वीस मिनिटे, शाळा सुटल्यावर लगेच, सोबतीला कन्नड घरातला वर्गमित्र, अशी बांधणी येथे कामी येते. पालकांनी मात्र ‘एवढे दिवस काय केलेस’ ही बोलणी आवरावीत. पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली, असे पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१० मध्ये आढळले आहे.