राक्षसी ताऱ्यांजवळील ग्रहांचा शोध

गाभ्यातील हायड्रोजन संपत आल्यावर फुगू लागलेल्या किंवा पुरत्या फुगलेल्या ताऱ्यांना खेटून फिरणाऱ्या बाह्यग्रहांचा, म्हणजे सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा शोध. पुरता फुगलेला राक्षसी तारा पुण्याच्या झगमगाटातही हिवाळ्यात सहज दिसतो : वृषभ राशीतली तांबूस रोहिणी. तिची त्रिज्या सूर्याच्या सुमारे ४४ पट आहे.

गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश सुमारे १ टक्क्याने घटतो. रोहिणीसमोरून गेला तर घट जेमतेम दोन लाखांत एक भाग. त्यात अशा ताऱ्याचा पृष्ठभाग सतत खदखदत असतो आणि अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचे ताऱ्यासमोरून जाणे, रात्रभराहूनही लांबू शकते. आयुका या पुण्याच्या खगोलसंशोधन संस्थेच्या गिरवली येथील २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीलाही वातावरण आणि उजाडणारा दिवस आडवे येणारच. त्यामुळे मोठी भिस्त केप्लर व टेस या अवकाश दुर्बिणींवर राहिली. अरीय वेगाच्या, म्हणजे ग्रहाच्या ओढीने तारा आपल्या दिशेने-उलट दिशेने डुलतो त्या वेगाच्या, मापनातही चकवा असतो : रोहिणीभोवती २०१५ मध्ये जाहीर झालेल्या ग्रहाबद्दल पुढे शंका घेतली गेली, कारण ताऱ्याची स्वतःची हालचालही तशीच भासू शकते.

या शोधाची खरी किल्ली ताराकंपनशास्त्र. ताऱ्याच्या कंपनांवरून त्याची त्रिज्या व वस्तुमान ठरते, आणि त्यावरून ग्रहाचा आकार. केप्लर-१६५८ बी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. केप्लरने २००९ मध्ये हेरलेला हा पहिला नवा ग्रह-उमेदवार. पण ताऱ्याची त्रिज्या कमी धरल्याने आकडे जुळेनात आणि तो फसवा संकेत म्हणून बाजूला पडला. कंपने तपासल्यावर तारा आधीच्या अंदाजाच्या सुमारे तिप्पट निघाला आणि २०१९ मध्ये ग्रहावर शिक्कामोर्तब झाले. तो ३.८५ दिवसांत फेरी मारतो. भरती-ओहोटीच्या बलामुळे हा काळ दरवर्षी सुमारे १३१ मिलिसेकंदांनी घटत असल्याचे २०२२ मध्ये दिसले. हाच वेग राहिला तर सुमारे २५ लाख वर्षांत तारा त्याला गिळेल.

भारतात, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या गटाने माउंट अबूहून टीओआय-१७८९ या किंचित फुगलेल्या ताऱ्याचा ग्रह २०२१ मध्ये शोधला.

फुगणारा तारा जवळचा ग्रह गिळतो, या नियमात ध्रुवमत्स्य तारकासमूहातील ८ अर्सी मायनोरिस हा तारा मात्र बसत नाही. तो आता गाभ्यात हेलियम जाळतो, म्हणजे तो एकदा फुगून आकसला असावा. तरीही सुमारे अर्ध्या खगोलीय एककावरचा (पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्म्यावरचा) त्याचा ग्रह शाबूत आहे. दोन तारे एकत्र येऊन हा तारा बनला असेल, तर तो कधी तितका फुगलाच नसेल, असा तर्क २०२३ मध्ये मांडण्यात आला.