‘मोठं झालं की झडेल’

बाळसं हा शब्द मराठीत कौतुकानंच येतो. गोवर, हगवण, क्षय यांनी मुलं पटापट दगावत होती, तेव्हा अंगावर थोडी चरबी असणं हीच तब्येतीची खूण होती आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. अडचण पुढची. शाळकरी वयातही ते उतरलं नाही तर? ‘मोठं झालं की झडेल’ हे उत्तर घरोघरी होतंच. डॉक्टरांकडेही बराच काळ यापेक्षा वेगळं काही नव्हतं.

जे होतं ते ग्रंथींवर ढकललेलं. १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या आल्फ्रेड फ्रोलिख यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतल्या गाठीमुळे लठ्ठ झालेल्या, वयात येणं रखडलेल्या एका मुलाची नोंद केली. त्यांच्या नावाचा हा दुर्मीळ आजार पुढे कुठल्याही जाड मुलाला चिकटवला जाऊ लागला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस हिल्डे ब्रुख या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये अशी मुलं नीट तपासली, तर ती वाढीत मागे नव्हतीच; उलट वयाच्या मानाने उंच निघाली. ग्रंथी सुटल्या, पण दोष आता मुलाला जास्त भरवणाऱ्या आईच्या पदरात पडला. याला प्रगती म्हणावं का, मला शंका आहे.

खरा धक्का शवविच्छेदनांनी दिला. कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली गेली. सरासरी वय जेमतेम २२, तरी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या धमन्यांत विकाराच्या खुणा होत्या. हा अहवाल १९५३ चा. बाविशीत एवढं दिसतं, तर सुरुवात कधी होते? अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, बोगालुसा या छोट्या गावात हृदयरोगतज्ज्ञ जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुलांची वजनं, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल नोंदवायला घेतलं. त्यांतली काही पुढे अपघाताने किंवा अन्य कारणाने मरण पावली. २ ते ३९ वयाच्या अशा २०४ जणांचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले : वजन, रक्तदाब आणि रक्तातली चरबी जितकी जास्त, तितके धमन्यांतले चरबीचे पट्टे अधिक.

त्याआधी, १९९२ मध्ये, १९२२ ते १९३५ या काळात हार्वर्डच्या अभ्यासात मोजलेल्या मुलांपैकी ५०८ जणांचा ५५ वर्षांनंतरचा हिशेब प्रसिद्ध झाला होता. किशोरवयात जाड असलेल्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू अधिक होते आणि मोठेपणी वजन किती राहिलं यानं फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे ‘झडलं’ तरी सुटका नाही? २०११ मध्ये चार दीर्घ अभ्यास एकत्र केल्यावर मात्र वेगळं दिसलं : लहानपणी जाड, पण मोठेपणी लठ्ठ न राहिलेल्यांत मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका कधीच जाड नसलेल्यांइतकाच होता. पहिल्यातला हा निष्कर्ष मृत्यूंबद्दलचा, दुसऱ्यातला आजारांबद्दलचा. त्यामुळे दोन्ही खरे असू शकतात.

दरम्यान काही आजारांनी मोठेपणाची वाट पाहणंच सोडलं. १९८० च्या दशकात लठ्ठ मुलांच्या यकृतात चरबी आणि सूज दिसू लागली. टाइप २ मधुमेहाचं ‘प्रौढांचा मधुमेह’ हे नाव तर खोटंच ठरलं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात १९८२ ते १९९४ दरम्यान किशोरवयीनांत त्याचं प्रमाण दहापट झालं. तो या वयात सौम्य असेल, ही आशाही टिकली नाही. अमेरिकेतल्या अशा रुग्णांचा पाठपुरावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचं सरासरी वय २६ च्या आसपास होतं आणि ६० टक्क्यांना मूत्रपिंड, डोळे किंवा नसांपैकी निदान एक त्रास सुरू झाला होता.

एक परिणाम मात्र सुईने किंवा यंत्राने मोजावा लागला नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा चित्रं दाखवली : एक धडधाकट मूल, कुबड्या घेतलेलं, चाकाच्या खुर्चीतलं, हात नसलेलं, चेहऱ्यावर व्यंग असलेलं आणि एक जाड. कोण जास्त आवडतं, असं विचारल्यावर जाड मूल शेवटी आलं. १९७५ ते २०१६ या काळात जगातली ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं १.१ कोटींवरून १२.४ कोटींवर गेली. याच काळात, २००३ मध्ये, तो प्रयोग पुन्हा झाला. जाड मूल शेवटीच राहिलं आणि नावड पहिल्यापेक्षा वाढली होती.