पार्श्वभूमी : प्रक्रिया उद्योगात बोनस कशावर द्यायचा?

तेलशुद्धीकरण, रसायने, खते, कागद, सिमेंट. या कारखान्यांत कामगाराच्या कामगिरीचा विषय निघाला की गाडी अजूनही ‘किती टन निघाले’ यावरच येते. हे माप मुळात अंगमेहनतीच्या कामाचे. अमेरिकेतल्या एका पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणाऱ्या मजुराचे रोजचे काम साडेबारा टनांवरून सुमारे ४७ टनांवर गेले आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली, असा दाखला १९११ मध्ये छापून आला. तो कितपत खरा, यावर नंतर बराच वाद झाला. पण जास्त काम, जास्त दाम हे सूत्र सगळीकडे रुजले.

प्रक्रिया उद्योगात, म्हणजे जिथे कच्चा माल यंत्रणेतून सलग वाहत राहतो तिथे, हे सूत्रच लागू होत नाही. ऑपरेटरने घाई केली म्हणून स्तंभातून (कच्च्या तेलाचे घटक वेगळे करणाऱ्या उंच टाकीतून) जास्त तेल निघत नाही. त्याचे काम लक्ष ठेवण्याचे. दाब किंवा तापमान सरकू लागले की वेळेत ओळखायचे, आणि पुष्कळदा कशालाही हात न लावण्याचा निर्णय घ्यायचा. शिफ्ट निवांत गेली तर ती बहुधा चांगल्या कामामुळेच गेलेली असते, पण उत्पादनाच्या तक्त्यात ते दिसत नाही.

१९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये १०० कारखान्यांची पाहणी झाली. एकेक सुटी वस्तू मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कारखान्यांत एका सुपरवायझरच्या हाताखाली सरासरी ४८ माणसे होती, सलग प्रक्रियेच्या कारखान्यांत अवघी १५. संख्या कमी असली की साहेबाला माणसे नावानिशी ठाऊक असतात, आणि अडचण लपवण्याऐवजी सांगितली जाते. नेतृत्वाचा कामगिरीवर परिणाम होतो तो प्रामुख्याने याच वाटेने, असे माझे मत आहे.

१९६० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात झालेला करार आजही वादाचा आहे. तिथे ओव्हरटाइम नेहमीचाच होऊन बसला होता आणि कारागिरामागे हेल्पर ठेवण्याची जुनी पद्धत होती. हे बंद करण्याच्या बदल्यात मजुरीचे दर सुमारे ४० टक्क्यांनी वाढवायचे ठरले. व्यवस्थापनाने पैसे देऊन शिस्त विकत घेतली, असे टीकाकार म्हणाले. मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते : कामाची घडी कशी बसवायची, हे कामगारांच्या प्रतिनिधींसमोर बसून, वाटाघाट करून ठरले. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेतल्या पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या एका कारखान्याने सुपरवायझरऐवजी गटप्रमुख नेमले आणि पगार शिकलेल्या कौशल्यांवर ठरवला. तिथे टनांचा हिशेब पगारातून बाहेर पडला.

पण ही वाट फार जणांनी धरली नाही. मार्च २००५ मध्ये टेक्सासमधल्या एका रिफायनरीत स्फोट होऊन १५ माणसे गेली. रात्रपाळीने लॉगबुकात जेमतेम एक ओळ लिहिली होती. स्तंभात द्रवाची पातळी चढत असताना मापक ती उतरत असल्याचे दाखवत होता. वरच्या पातळीचा एक अलार्म वाजलाच नाही, आणि काही ऑपरेटर सलग २९ किंवा त्याहून जास्त दिवस १२-१२ तासांच्या पाळ्या करत होते. त्या कारखान्याच्या बोनसमध्ये खर्चकपातीला मोठा वाटा होता. सुरक्षेचा वाटा लहान, आणि तोही माणसांना होणाऱ्या दुखापतींच्या दरावर मोजलेला. पडणे, कापणे, घसरणे कमी झाले की आकडा छान दिसायचा. नादुरुस्त मापकाची त्यात कुठे नोंदच नव्हती.

२००७ मध्ये या स्फोटानंतर नेमलेल्या स्वतंत्र समितीने वरिष्ठांच्या नेतृत्वावर नेमके बोट ठेवले. २०१० मध्ये अमेरिकेत प्रक्रिया-सुरक्षेसाठी, म्हणजे यंत्रणेतली गळती, आग, स्फोट टाळण्याचे काम मोजण्यासाठी, चार स्तरांचे निर्देशक (मोजमापे) आले. गळती, आग यांसारख्या घडून गेलेल्या घटनांचे वरचे दोन स्तर जाहीर करण्यासाठी आहेत. सुरक्षा यंत्रणेवर पडलेला ताण आणि रखडलेली देखभाल ज्यांत दिसते, ते खालचे दोन कारखान्याच्या अंतर्गत वापरासाठीच ठेवले आहेत.